मागचा ब्रेक किती जोराचा असावा?



वसंत ऋतूत भरणाऱ्या ह्या ज्ञानसत्रात राज्यघटना, शेती, संतवाङ्मय, नाटक, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची पाने नेहमी मांडली जातात. त्या पंगतीत आज एका जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या मागच्या ब्रेकचे पान मांडलेले पाहून आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. अशी मोटार ज्यांच्या दारात उभी आहे अशी मंडळी ह्या सभेत बोटांवर मोजण्याइतकीही नसतील. मग त्या गाडीच्या मागच्या ब्रेकशी आपल्याला काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

त्याला आमचे उत्तर असे आहे. मोटारीच्या ब्रेकशी तिच्या मालकाचा जितका संबंध असतो, तितकाच रस्त्याने पायी जाणाऱ्याचा, सायकलवरून शाळेत निघालेल्या मुलाचा आणि भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या गृहिणीचा असतो. किंबहुना त्यांचा थोडा अधिकच असतो. ब्रेक फसला तर मोटारीतल्या माणसाभोवती निदान पत्रा तरी असतो. ह्यांच्याभोवती तोही नसतो. शिवाय ह्या लहानशा प्रश्नात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. जुन्या वस्तूचा एखादा भाग अधिक जोरदार केला म्हणजे ती वस्तू सुधारली असे होते काय? निदान मागच्या ब्रेकच्या बाबतीत ह्याचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असे येते. ते का येते, हे हिशेबाने पाहावे एवढाच आजचा संकल्प आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक गाडी डोळ्यांपुढे ठेवू. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील एम. जी. कारखान्यात १९६२ सालापासून १९८० पर्यंत ‘एम. जी. बी.’ नावाची गाडी तयार होत असे. उघडी, दोन माणसांची, १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे आणि इंजिनची ओढ मागच्या चाकांना, अशी तिची ठेवण होती. पुढे तिची छप्पर असलेली आवृत्तीही निघाली. सगळ्या मिळून ह्या गाड्या पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. कारखाना बंद पडून चाळीस वर्षे उलटली, तरी तिचे सुटे भाग नव्याने घडवून विकले जातात आणि म्हणून त्यांतल्या पुष्कळ गाड्या अजून रस्त्यावर आहेत. ह्या गाडीला पुढे पावणेअकरा इंच व्यासाच्या डिस्क आहेत आणि मागे दहा इंच व्यासाचे ड्रम आहेत. सुरुवातीच्या गाड्यांत पायाच्या जोराला हातभार लावणारा व्हॅक्यूम सर्व्हो नव्हता. जे काही करायचे ते चालवणाऱ्याच्या पायानेच करायचे.

अशी गाडी हौसेने घेणाऱ्या गृहस्थाच्या मनात लवकरच एक विचार येतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम हे कारखानदाराने काटकसरीने केलेले अर्धे काम असले पाहिजे. आजच्या भारी मोटारींना चारी चाकांना डिस्क असतात. तेव्हा आपणही मागचे ड्रम काढून डिस्क बसवाव्यात, म्हणजे गाडी चटकन थांबेल. असे तयार संच बाजारात मिळतात. खिशात पैसे असतात, मेस्त्री तयार असतो आणि चाकाच्या आऱ्यांमधून चकाकणारी डिस्क दिसायलाही छान दिसते. पण ह्या तर्कातली एकेक पायरी तपासून पाहिली पाहिजे.

पहिली पायरी, कारखानदाराला कळले नसेल ही. डिस्क ब्रेकची कल्पना फार जुनी; फ्रेडरिक लँचेस्टर ह्या इंग्लिश इंजिनियराने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. तिचा खरा बोलबाला झाला तो १९५३ साली. फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होते. त्या वर्षी जॅग्वार कंपनीच्या ‘सी-टाइप’ गाडीने डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या बळावर ती जिंकली. तेथे लांबच लांब सरळ रस्त्यावर गाडी भरधाव सोडायची आणि वळण आले की वेग एकदम उतरवायचा, असे चोवीस तास चालते. ड्रम ब्रेक तापून मऊ पडत. डिस्क मात्र पुन्हापुन्हा त्याच जोराने लागत. त्यानंतर १९५६ साली ट्रायम्फच्या ‘टी. आर. ३’ गाडीला पुढे डिस्क आल्या आणि १९५७ साली जॅग्वारच्या ‘एक्सके १५०’ला चारी चाकांना आल्या. आता मौज अशी की ज्या अ‍ॅबिंग्डनला एम. जी. बी. जन्मली, तेथेच १९५८ साली ‘एम. जी. ए. ट्विन कॅम’ ही गाडी चारी चाकांना डिस्क लावून तयार झाली होती. तरीही चार वर्षांनी आलेल्या एम. जी. बी.ला त्यांनी मागे ड्रमच ठेवले. त्यात काटकसर होती हे खरे. पण अज्ञान नव्हते, हेही तितकेच खरे आहे. मागच्या चाकाला जेवढे काम आहे तेवढे ड्रमने भागते, असा त्यांचा हिशेब होता.

आजही आपल्याकडच्या पुष्कळ लहान मोटारींना मागे ड्रमच असतात. इतकेच नव्हे, २०२०च्या सुमारास आलेल्या फोक्सवागनच्या ‘आय. डी. ४’ ह्या विजेच्या मोटारीलाही मागे ड्रमच दिलेले आहेत. तेव्हा ड्रम म्हणजे मागासलेपणा आणि डिस्क म्हणजे प्रगती, असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी, ब्रेक मोठा केला की गाडी लवकर थांबेल ही. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ब्रेक चाकाला थांबवतो; गाडीला थांबवतो तो टायर. टायर रस्त्याला जेवढा धरून राहील तेवढीच गाडी थांबणार. पेडलवर जोराने पाय दिल्यावर चाके जाम होऊन घासत जात असतील, तर ब्रेक पुरेसा आहे ह्याचा तो पुरावाच झाला. त्याहून मोठा ब्रेक बसवला तर ती चाके फक्त थोड्या कमी जोरात जाम होतील. थांबण्याचे अंतर एका हातानेही कमी होणार नाही. घट्ट पकडणारा माणूस निसरड्या फरशीवर उभा असेल तर त्याच्या मनगटातल्या ताकदीचा उपयोग काय?

आता आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. आपणांपैकी जवळजवळ प्रत्येकाने सायकल चालवलेली आहे. उतारावर नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला म्हणजे काय होते ते आठवून पाहा. मागचे चाक फिरायचे थांबते, घासत जाते आणि बाजूला सरकू लागते. नुसता पुढचा दाबला तर सायकल जोराने थांबते, इतकी की सांभाळले नाही तर स्वार हँडलवरून पुढे जातो. चाके दोन्ही सारखीच, रबरही तेच. मग पुढचे एवढे धरते आणि मागचे लगेच घसरते, हे का? कारण थांबताना सायकलीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर कलतो. पुढचे चाक दाबले जाते, मागचे हलके होते; आणि जे चाक हलके झाले त्याची पकड कमी झाली. एस. टी.त उभ्याने प्रवास करणाऱ्याला हा कल कोणी शिकवावा लागत नाही.

मोटारीत हेच घडते आणि त्याचे गणित सोपे आहे. धरून चालू की आपली गाडी माणसासह १००० किलोची आहे आणि उभी असताना तिचा भार पुढे ५०० व मागे ५०० असा सारखा आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २.३ मीटर, जे एम. जी. बी.चे जवळजवळ तेवढेच आहे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे असे समजू. कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनिशी जोराचा ब्रेक लावला, तर गाडीच्या वजनाच्या आठ दशांश, म्हणजे ८०० किलोंच्या वजनाइतका जोर तिला मागे खेचतो. ह्या ८००ला अर्ध्याने गुणावे आणि २.३ने भागावे. उत्तर येते सुमारे १७५ किलो. एवढा भार मागून पुढे जातो. म्हणजे त्या क्षणी पुढच्या चाकांवर ६७५ आणि मागच्यांवर अवघा ३२५ किलो भार उरतो. ब्रेकचे दोन वाटे पुढच्या चाकांनी उचलायचे आणि एक वाटा मागच्यांनी, असा हा हिशेब झाला. मागच्या ब्रेकला ह्याहून मोठा वाटा दिला, तर तो वाटा मागच्या टायरला पेलणार नाही. चाक जाम होईल.

‘होईना का जाम! थांबायचेच तर आहे,’ असे कोणी म्हणेल. येथेच जिवाशी गाठ आहे. फिरणारा टायर आपली दिशा सोडत नाही; तो पुढे जातो, पण बाजूला सहजी सरकत नाही. तोच टायर जाम होऊन घासू लागला म्हणजे त्याला दिशा अशी उरत नाही. ज्या बाजूला लोटावे त्या बाजूला तो जातो. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, ही आपत्तीच आहे. पण मागची चाके फिरत असल्यामुळे गाडी निदान सरळ रेषेत जात राहते. चालवणाऱ्याने पाय किंचित सैल केला की स्टिअरिंग परत येते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडीची शेपटीच सुटते. बाणाला पिसे शेपटीकडे बांधतात ती बाण सरळ जावा म्हणून. मोटारीची मागची चाके ही तिची पिसे होत. ती निकामी झाली की गाडी क्षणार्धात गर्रकन फिरते, आणि मग समोरून येणाऱ्या वाहनापुढे तिची बाजू येते. चालवणारा कसलेला असला तरी एवढ्या अवधीत त्याच्या हातून फारसे काही होत नाही.

म्हणूनच मोटारींच्या ब्रेकांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यमाने जे नियम झाले आहेत, त्यांतही मागच्या चाकांनी पुढच्यांच्या आधी जाम होऊ नये असा दंडक घातलेला आहे. आजच्या मोटारींत चाक जाम होऊ लागले की विजेची यंत्रणा ते ओळखते आणि त्या चाकाचा दाब आपोआप सैल करते. त्यामुळे त्यांच्या मागच्या ब्रेकला पुष्कळ ताकद दिली तरी निभावते. जुन्या गाडीत असा पहारेकरी नाही. तिला मागे नव्या गाडीसारख्या डिस्क दिल्या आणि पहारेकरी मात्र दिला नाही, तर आपण नक्कल अर्धीच केली असे होते. आणि नेमका धोक्याचा तो अर्धा भाग उचलला असे होते.

ह्या गणितात आणखी एक गंमत आहे. पावसाने रस्ता ओला झाला आणि आठ दशांशाऐवजी चारच दशांश जोर मिळू लागला, तर पुढे जाणारा भारही निम्मा, म्हणजे सुमारे ८७ किलो होतो. तेव्हा मागच्या चाकांवर ४१३ किलो उरतात आणि मागच्या ब्रेकला अधिक वाटा देता येतो. उलट, हौशी मालकाने आजकालचे फार चिकटून धरणारे टायर घातले आणि वजनाच्या पूर्ण दहा दशांश जोर मिळू लागला, तर २१७ किलो पुढे जातात आणि मागे अवघे २८३ उरतात. म्हणजे टायर जितके चांगले, तितका मागच्या ब्रेकचा योग्य वाटा लहान! टायर आणि मागचे ब्रेक अशी जोडीने केलेली ‘सुधारणा’ परस्परांच्या विरुद्ध दिशांना ओढते, हे प्रथमदर्शनी कोणाच्या लक्षात येत नाही.

शिवाय ही वाढ नकळत केवढी होते तेही पाहा. डिस्कला दोन बाजूंनी चिमटा घेणारा जो कॅलिपर असतो, त्याच्या पिस्टनचा व्यास ३४ मिलिमीटरऐवजी ३८ घेतला, तर फरक चार मिलिमीटरांचा, करंगळीच्या नखाएवढाही नाही. पण दाब क्षेत्रफळावर लागतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हिशेब केला तर ब्रेकचा जोर एका फटक्यात सव्वापट होतो. दुकानात दोन कॅलिपर शेजारी ठेवले तर हा फरक डोळ्यांना कळतही नाही.

कारखानदार असे काम कसे करतात ह्याचा एक चांगला दाखला जपानचा आहे. माझदा कंपनीची ‘एम. एक्स. ५’ ही लहान स्पोर्ट्स गाडी १९८९ साली आली. तिच्या डिस्क पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरच्या होत्या. पुढे इंजिन १.६ लिटरचे १.८ झाले आणि १९९४च्या गाड्यांत डिस्कही वाढल्या. पुढे २५५, मागे २५१. दोन्हीकडे बरोबर वीस वीस मिलिमीटर! कारखानदाराने मागचे वाढवले तेव्हा पुढचेही वाढवले आणि प्रमाण मोडू दिले नाही. ह्या गाडीचे जुने मालक नव्या गाडीचे मागचे ब्रेक आणून बसवतात. त्यांतले जे शहाणे, ते पुढचेही आणतात.

येथवर ऐकून ड्रमच्या जागी डिस्क बसवण्याला आमचा सरसकट विरोध आहे असे आपणांस वाटेल. तसे नाही. ड्रमचे दोष खरे आहेत आणि ते समजून घेतले पाहिजेत. ड्रमच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात. त्यांतला एक असा बसतो की फिरणारा ड्रमच त्याला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. त्यामुळे थोड्या जोरात पुष्कळ काम होते, पण त्याच कारणाने लहानसहान फरकही मोठा होतो. एका बाजूच्या लायनरवर ओल आली किंवा तेलाचा थेंब पडला तर गाडी एकीकडे ओढते. आणि ड्रम तापला म्हणजे फुगतो, शूपासून दूर जातो आणि पेडल खोल जाऊ लागते.

हा ताप किती असतो? १००० किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असली की तिच्यात सुमारे ३८६ किलोज्यूल शक्ती साठलेली असते. ती थांबवताना ह्या सगळ्या शक्तीची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने सव्वा लिटर गार पाणी उकळू लागेल. हे झाले एका थांबण्याचे. हीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवली, तर नऊ लिटरांहून अधिक पाणी उकळेल एवढी उष्णता होते आणि ती ब्रेकनाच सोसावी लागते. म्हणून घाट उतरताना खालचा गिअर टाकावा आणि उष्णतेचा वाटा इंजिनाला द्यावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिकवण सोन्यासारखी आहे. जो माणूस गाडी शर्यतीच्या मैदानावर पळवतो, ज्याला लागोपाठ वीस वेळा जोराने थांबायचे आहे, त्याला मागेही डिस्क लावण्याचे सबळ कारण आहे. ते कारण ताप सोसण्याचे आहे, जोर वाढवण्याचे नव्हे, हे मात्र त्याने विसरू नये.

तेव्हा ज्याच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्याने कोणत्या क्रमाने जावे? प्रथम तक्रार काय आहे ते नेमके ठरवावे. पेडल खोल जात असेल तर आधी मागचे शू जुळवून पाहावेत. एम. जी. बी.च्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला चौकोनी डोक्याचा एक स्क्रू असतो. तो चाक अडेपर्यंत पिळायचा आणि मग चाक मोकळे फिरेल इतका मागे घ्यायचा. हँडब्रेक सैल वाटतो म्हणून आधी केबल ताणणारे पुष्कळ असतात. ते चूक आहे. आधी शू, मग केबल. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्या ड्रममध्ये अ‍ॅक्सलचे तेल किंवा ब्रेक ऑइल गळते आहे का ते पाहावे. सील बदलल्यावाचून नवे लायनर घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय. रबरी नळ्या जुन्या होऊन आतून फुगल्या असतील तर त्या बदलाव्यात.

ब्रेक ऑइल तर अवश्य बदलावे. ते हवेतली ओल शोषते. डॉट ४ जातीचे नवे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण पुरेसे पाणी शोषलेले तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि ऐन वेळी पाय तळाला जातो. दर दोन वर्षांनी ते बदलणे हा खर्च डिस्कच्या संचाच्या मानाने अगदी किरकोळ आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. ही धूळ फुप्फुसात गेली तर कित्येक वर्षांनी प्राणघातक रोग होऊ शकतो.

आमचा असा अनुभव आहे की एवढे नीट केले म्हणजे दहांपैकी बहुतेकांची डिस्कची इच्छा आपोआप मावळते. त्यांना नवे ब्रेक नको होते. त्यांना आपले जुने ब्रेक जसे असायला हवेत तसे हवे होते.

त्यानंतरही डिस्क बसवायच्या असतील, तर काही गोष्टींची पूर्वतयारी हवी. डिस्कला ड्रमसारखी आपली आपण घट्ट होण्याची सवय नाही. तिला दाब अधिक लागतो आणि कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइलही अधिक लागते. मास्टर सिलिंडर तेवढे देऊ शकेल का, हे आधी पाहावे. ड्रमच्या काही जुन्या गाड्यांत नळीमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कवरचे पॅड सतत घासत राहतील आणि तापतील. म्हणून ती काढावी लागते. हँडब्रेकची सोय कॅलिपरमध्ये आहे का आणि तो चढावर गाडी धरतो का, तेही पाहावे. ह्या बाबतीत ड्रम पुष्कळदा सरस ठरतो. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटणी. मागच्या नळीवर दाब मर्यादित ठेवणारी झडप बसवता येते. ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे-मागे सारखा दाब जातो. त्यापुढे मागचा दाब सावकाश वाढतो. ही झडप मागचा जोर कमी करू शकते, कधीही वाढवू शकत नाही. म्हणून मागचा ब्रेक थोडा जास्त झाला तर ती उपयोगी. आणि पुढच्या नळीवर तिला जागाच नाही.

काम झाल्यावर परीक्षा घ्यावी, तीही सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. मोकळे, सपाट मैदान पाहावे. जाणता माणूस सुरक्षित अंतरावर बाजूला उभा करावा. प्रथम ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने जाऊन जोराने ब्रेक लावावा आणि कोणती चाके आधी जाम होतात ते त्याने पाहावे. पुढची झाली तर ठीक. मागची आधी झाली, तर झडप आवळून मागचा दाब कमी करावा आणि पुन्हा पाहावे. कोरड्या जमिनीवर पाहावे आणि ओल्यावरही पाहावे. एकट्याने पाहावे आणि शेजारी माणूस बसवूनही पाहावे. ह्या परीक्षेला अर्धा दिवस लागतो. ज्याला हा अर्धा दिवस जड वाटतो, त्याने गाडीचे ब्रेक बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

आपल्याकडच्या मालकांसाठी आणखी एक शब्द. आपल्याकडील मोटार वाहन कायदा १९८८चा आहे. नोंदणीत लिहिलेला आणि कारखान्याने ठरवलेला तपशील बदलेल असे फेरफार गाडीत करण्यास त्याने निर्बंध घातलेला आहे. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम २०२१ साली झाले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन ह्यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अपेक्षा आहे. म्हणून नोंदणी कार्यालयात आधी विचारावे, काहीही कापू नये, भोके पाडू नयेत आणि काढलेले ड्रम, शू, नळ्या तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवाव्यात. आपल्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला ती पुन्हा पूर्वीसारखी करता आली पाहिजे.

श्रोतेहो, ब्रेक हे मोटारीतले असे अंग आहे की ते उत्तम असले म्हणजे त्याचे कोणी नाव काढत नाही. त्याची सुधारणा करणाऱ्याने आपण मागच्या चाकाला किती जोर दिला हे सांगू नये. पुढच्या आणि मागच्या चाकांत त्याची वाटणी कशी केली, हे सांगावे. मागच्या चाकाचे पहिले काम गाडी थांबवणे हे नाही. थांबत असताना तिला सरळ ठेवणे हे आहे. हे काम त्याच्याकडून होत राहील, एवढ्याच जोराचा मागचा ब्रेक असावा.